चौथा ठोकळा

टक.

मग जरा थांबून पुन्हा, टक. आणि तिसऱ्यांदा, टक.

स्वयंपाकघरात कोमट पाण्यात पुडी ढवळणारा तिचा चमचा पेल्यातच थांबला. चौथा आवाज येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी कान तिकडे लागलेच. बाहेरच्या खोलीत क्षणभर चिडीचूप. मग टेबलाच्या लाकडावरून तळहात फिरल्याचा खरखरीत आवाज. आई टेबलाचा चौथा कोपरा चाचपत होती.

“अगं, माझा एक ठोकळा कुठं गेला?”

“तीनच आहेत ते, आई.”

“चार होते.”

“तीनच होते.”

हे दोन शब्द ती इतक्यांदा बोलली होती की आता ते तोंडातून आपसूक पडत. त्यात राग नसे आणि फारशी मायाही नसे. तिने फ्रिजवरची निळी वही उघडली आणि आजच्या तारखेपुढे लिहिलं: सकाळी सहा चाळीस. चौथा ठोकळा शोधते आहे. (तीनच आहेत.)

वही ठेवायला पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईच्या आतड्याला सूज येण्याचं दुखणं जुनं. त्यामुळे वहीच्या सुरुवातीच्या पानांवर सगळं पोटाचंच होतं: दिवसातून किती वेळा जावं लागलं, कळ कुठे आली, रात्री झोप मोडली का. मग वर्षभरापूर्वी त्यात दुसऱ्याच गोष्टी शिरू लागल्या. दुधाचं पातेलं जळलं. शेजारच्या बाईंना ‘तुम्ही नवीन आलात का’ विचारलं. नातीला, ठिपकीला, शाळेच्या बसपाशी घ्यायला गेली आणि कोपऱ्यावर उभी राहिली, कशाला आलो ते आठवेना. शेवटी ठिपकीनेच आजीचं बोट धरून तिला घरी आणलं. आणि या सगळ्यांच्या मधून मधून, खडे निवडताना तोच तोच खडा हाताला लागावा तसा, चौथा ठोकळा.

तिने पेला आईपुढे ठेवला. आईने आत डोकावून पाहिलं.

“आले का पाहुणे?”

“आले. पटकन घे, गार होईल.”

“आणि जरा कढत दे म्हटलं तर देत नाहीस.”

“कढत पाण्यात मरतात ते, आई. जिवंत पोचले तर उपयोग.”

“पोटात पाळणाघर उघडून दिलंयस माझ्या,” आई पेला तोंडाला लावत म्हणाली. “निदान रडत तरी नाहीत.”

असं काही आई बोलली की तिला वाटे, आहे, सगळं जागच्या जागी आहे. आपण उगाच वही भरतोय.

पुडी सुरू होऊन अकरा आठवडे झाले होते. पोटाला मानवणारे जिवाणू, कोट्यवधी, एका चिमूटभर पांढऱ्या भुकटीत. पोटात खरंच फरक पडला होता. नऊ-नऊ वेळा उठणारी आई आता तीनदा उठत होती, चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. पण तिची नजर पोटावर नव्हतीच. डॉक्टरांना तिने बाहेर पडता पडता, चपला घालताना, सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, यानं डोक्यालाही काही होईल का. डॉक्टर हसले होते. “पोट आणि डोकं एकमेकांशी बोलतात एवढं नक्की. पण काय बोलतात ते आम्हाला अजून नीट ऐकू येत नाही. उंदरांवर काम चाललंय म्हणे कुठे कुठे.”

ते कुठे चाललंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. रोज सकाळी साडेआठ ते दीड ती तेच काम करत होती.

फोन वाजला. दादा. तिने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

“अगं, त्या वृद्धाश्रमाच्या लोकांचा फॉर्म आलाय. विस्मरण किती, कशा प्रकारचं, सगळं विचारलंय. वहीच्या पानांचे फोटो पाठव ना दुपारपर्यंत. रविवारी मी गाडी घेऊनच येतो.”

“दादा, पोट बरंच सुधारलंय तिचं.”

“पोटासाठी नाही ठेवत आपण तिला तिथे.” दादा वाईट नव्हता. वाईट बातमी घाईघाईने उरकून टाकायची त्याची लहानपणापासूनची सवय होती. “हे बघ, तू दीडपर्यंत बाहेर. ठिपकी साडेबाराला घरी. तो एक तास दोघी एकट्या. उद्या काही झालं तर? तिथे नर्स आहेत, बाग आहे. मी जवळ आहे.”

“पाठवते,” ती म्हणाली.

टेबलापाशी ठिपकी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. तिन्ही ठोकळे उलटे करून, वर कागद धरून पेन्सिल घासत होती. ते ठोकळे म्हणजे मुठीएवढ्या लोखंडी वड्या. आईने चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. कापड बेतताना कागदी नमुना सरकू नये म्हणून शेजारच्या लेथवाल्याकडून तिने ते करून घेतले होते. ती स्वतः ठिपकीएवढी असताना दुपारची त्या टेबलाखाली झोपायची. फरशी गार, समोर आईचे पाय, पायाशी निळ्या कापडाची कातरणं. डोक्यावर टक, टक, टक, आणि मग कात्रीची लांबलचक करकर. ते आवाज तिला आजही जसेच्या तसे ऐकू येत. तीन ठोकळे, आणि चौथ्या कोपऱ्यावर आईचा डावा पंजा. बोटं फाकवून कापडावर दाबलेला. स्पष्ट दिसायचा तिला तो पंजा.

“आई, बघ ना! ह्याच्या पोटावर एक रेघ आहे. ह्याच्या दोन. आणि ह्याच्या चार!”

“हो का? छान. बूट कुठायत तुझे?”

“एक इथंय.”

“आणि दुसरा?”

“तो आजीला विचार,” ठिपकी म्हणाली, आणि आजी-नात दोघी खुदकन हसल्या.

*

प्रयोगशाळेत शिरताच पहिला यायचा तो भुश्शाचा वास, मग स्पिरिटचा. पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका पाण्याच्या बाटल्या बदलत होते.

“ताई, तुमच्या विद्यार्थ्यांची आज परीक्षा ना? कालपासून अभ्यास चाललाय बघा सगळ्यांचा.”

“कॉपी करू देऊ नका, काका.”

“छे! मीच त्यांना विचारतो, चष्मा कुठे ठेवला माझा.”

परीक्षा सोपी होती. ठिपकीला ती एका दुपारी सांगितली होती आणि तेव्हापासून घरात ‘उंदीर-उंदीर’ खेळ सुरू झाला होता. आदल्या दिवशी उंदराला एका मोकळ्या पेटीत सोडायचं. आत दोन सारख्या वस्तू. तो त्या हुंगून घेतो. दुसऱ्या दिवशी त्यातली एक काढून तिच्या जागी नवी ठेवायची आणि घड्याळ लावून बसायचं. कालची वस्तू आठवत असेल तर उंदीर तिच्याशी फार वेळ घालवत नाही, नव्यापाशी घुटमळतो. आठवत नसेल तर त्याला दोन्ही सारख्याच.

यातल्या सगळ्या उंदरांच्या आतड्याला आधी सूज आणलेली होती. अर्ध्यांना रोज तोंडातून जिवाणूंचे थेंब दिले जात, अर्ध्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते प्रयोग चालवणाऱ्या मॅडमच्या कपाटातल्या बंद पाकिटात. तिने फक्त घड्याळ बघायचं. गेल्या खेपेला पाकीट उघडलं तेव्हा थेंबवाल्यांची सूज कमी निघाली होती, आणि नव्या वस्तूपाशी ते थोडे जास्त रेंगाळले होते. थोडेच. मॅडमनी तेव्हा दोन बोटांत चिमूट धरून दाखवली होती, एवढंच. त्या चिमटीएवढ्या जागेत ती अकरा आठवडे राहत होती.

पाच उंदीर झाले. दर उंदरानंतर वस्तू स्पिरिटने पुसायची, आधीच्याचा वास राहता कामा नये. कालची काचेची बाटली पुसून झाली. मग आजची नवी वस्तू, सात नंबर. पांढऱ्या रंगाचा, जड, उंदराला ढकलता येऊ नये आणि कुरतडता येऊ नये असा. दोन वर्षं ती तो रोज हातात घेत होती. पुसताना तळाचा कागदी नंबर, स्पिरिट पिऊन पिऊन मऊ झालेला, अंगठ्याला चिकटून निघून आला.

खाली रंग नव्हता. काळपट लोखंड होतं. त्यावर कानशीने ओढलेल्या रेघा.

एक, दोन, तीन.

तिने तो ठोकळा बराच वेळ तसाच उलटा धरला. मग उगाचच नखाने रेघा पुन्हा मोजल्या. सकाळचा ठिपकीचा आवाज कुठूनतरी आता नीट ऐकू आला: एक, दोन, आणि चार.

“मॅडम,” तिने दारातून विचारलं, “सात नंबर बदलता येईल का?”

“आत्ता? गट अर्धा झालाय. वस्तू बदलली तर आजचे सगळे बाद.” मॅडमनी मान वर केली. “का, काय झालं?”

“काही नाही. नंबर निघाला त्याचा.”

“मग दुसरा चिकटवा.”

तिने चिकटवला नाही. उरलेले सात उंदीर तिने तसेच घेतले. एकेक येत होता, आईच्या ठोकळ्याला नाक लावत होता, मिशा थरथरत होत्या. दर पाच मिनिटांनी ती तो उचलत होती आणि पुसत होती. दोन वर्षं ती त्यावरचा सगळा वास असाच पुसत आली होती. शेवटून दुसरा उंदीर ठोकळ्याला अंग टेकून बसला तो हललाच नाही. तिने त्याचे सेकंद लिहिले. त्याला थेंब मिळत होते की नुसतं पाणी, ते पाकिटात.

काम संपल्यावर तिने वस्तूंचं रजिस्टर काढलं. पहिल्याच पानावर होतं. वस्तू क्रमांक सात. लोखंडी ठोकळा, एक. घरून आणला. पांढरा रंग दिला. पुढे तिची सही, गोल गोल, घाई नसलेली. ते दिवस आईचं घर रिकामं करण्याचे होते. तिच्या घरात दारापर्यंत खोकी रचलेली होती, ते आठवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, कुणाकडे काही जड, गुळगुळीत असेल तर आणा, ते आठवलं. पण खोक्यात घातलेला हात, ठोकळ्याचं पिशवीतलं वजन, बसमधला प्रवास, यातलं काही म्हणता काही आठवेना. सही नसती तर तिने शपथेवर सांगितलं असतं की हे मी केलेलं नाही.

“हा माझ्या आईचा आहे,” ती मॅडमना म्हणाली. “चुकून आला. उद्याच्या गटाला दुसरी वस्तू घेऊ या?”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग ठोकळ्याकडे. “रजिस्टरमध्ये नोंद करा,” एवढंच म्हणाल्या. “आणि धुऊन न्या.”

बसमध्ये तिने तो मांडीवर धरला होता. मोबाईलमध्ये दादाचे दोन निरोप येऊन पडले होते: ‘फोटो?’ आणि मग नुसतंच ‘?’

*

दार ठिपकीने उघडलं. गळ्यात काच तडकलेलं स्टॉपवॉच, प्रयोगशाळेने टाकून दिलेलं.

“शू! आजी उंदीर झालीय.”

आई टेबलाशी बसली होती. समोर दोन कप, एक चमचा आणि ठिपकीचा सकाळी न सापडलेला बूट.

“हरले मी,” आई म्हणाली. “सारखी बुटाकडेच बघतेय. कुणाचा आहे गं हा?”

“माझा, आजी!”

“मग पायात घाल की. परीक्षेला काय बसवलायस?”

तिने पिशवी खाली ठेवली. काय म्हणायचं ते बसमध्ये चार वेळा ठरवलं होतं. त्यातलं काही न म्हणता तिने ठोकळा काढला आणि बुटाशेजारी ठेवला.

आईने तो लगेच उचलला नाही. आधी बोटाने जरा ढकलून पाहिला, किती जड आहे ते. मग हातात घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

“दवाखान्याचा वास येतोय.” अंगठ्याच्या नखाने तिने कडेचा पांढरा रंग खरवडला. पोपडा उडाला. मग, कुणी न सांगता, तिने ठोकळा उलटा केला.

ओठ हलले. एक, दोन, तीन.

“हा गळ्याचा,” आई म्हणाली. “गळा बेतताना हा लागतो. कुठं होता?”

“माझ्याकडे होता, आई. मीच नेला होता. आणि मग...” पुढचा शब्द इतके दिवस तिने फक्त लिहिला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी नावापुढे.

“विसरली असशील,” आई म्हणाली. फार सहज, पायरीवरून उतरणाऱ्याला हात द्यावा तसं. “होतं असं. कामं काय कमी आहेत तुला?”

आईने कप, चमचा, बूट सगळं बाजूला सारलं. खणातून बाकीचे तीन काढले. रिकाम्या टेबलावर, नसलेल्या कापडाच्या कोपऱ्यांवर, ते मांडायला लागली.

टक. टक. टक.

आणि टक.

चौथा आवाज झाला तशी तिच्या पाठीला गार फरशी लागली. टेबलाखाली पडून ती श्वास धरून ठेवायची, चौथ्यापर्यंत. चौथा टक झाला की सोडायचा. मग कात्री. हे आत्तापर्यंत कुठे होतं? आणि तो पंजा, बोटं फाकवलेला आईचा डावा पंजा, तो मग आला कुठून?

आईने दोन्ही हातांनी चार ठोकळ्यांमधली जागा सपाट केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“कापड कुठंय?”

तिने कपाटातली जुनी निळी चादर काढून आणली आणि ठोकळे उचलून खाली अंथरली. आईने खडू मागितला नाही, कात्री मागितली नाही. चादरीवर चारही ठोकळे पुन्हा लावले आणि समाधानाने मागे टेकून बसली.

तिने फ्रिजवरून वही काढली. सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: चौथा ठोकळा सापडला. माझ्याकडे होता. चारच होते. मागची पानं चाळली. ‘तीनच आहेत’ अशा पंधरा-सोळा ओळी होत्या. त्यांवर रेघ मारायला पेन टेकवलं, आणि मारली नाही. पातेल्याची पानं, बसच्या कोपऱ्याचं पान, आजचं पान, सगळ्यांचे फोटो काढून तिने दादाला पाठवले. काही म्हणता काही लपवलं नाही. मग खाली टाइप केलं: ‘रविवारी ये. गाडीत जागा करू नकोस, जेवायलाच ये. दुपारच्या तासाचं मी बघते, मॅडमशी बोलते.’ बोट जरा अडखळलं. मग पाठवून दिलं.

बाहेरच्या खोलीत फार शांत झालं होतं. ती दारात येऊन उभी राहिली.

आईने तीन रेघांचा ठोकळा पुन्हा उचलला होता. बाकीचे तिघे आपापल्या कोपऱ्यावर. हा मात्र तिने दोन्ही तळहातांत घेतला होता, आणि त्याच्या खरवडलेल्या कडेकडे ती बघत होती. डोळे जराही हलत नव्हते. खिडकीतल्या उजेडात तिचा चेहरा कुणाच्या तरी येण्याकडे लागलेला दिसत होता, किंवा नुसताच उजेडाकडे.

ठिपकी खुर्चीला चिकटून घड्याळाकडे डोळे लावून होती. तिने दारातल्या आपल्या आईला पाहिलं आणि चोरपावलांनी जवळ आली.

“आई, दोन मिनिटं झाली,” ती कुजबुजली. “बाकीच्यांकडे आजी बघतच नाहीये. फक्त ह्याच्याकडे. म्हणजे पास ना?”

“हं.”

ठिपकीने घड्याळ बंद केलं नाही. काटा पुढे सरकत राहिला. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, अगदी आजीसारखी.

“पण आई, हा तर तिचाच आहे ना? जुना? मग आजी त्याच्याकडे ओळखीचा म्हणून बघतेय, की नवा म्हणून?”